४६ नंबरची दाढ

आजारपणातही मानाची उतरंड असते. सगळ्यात वरच्या पायरीवर हृदयविकार. अँजिओप्लास्टी करून आलेल्या माणसाला आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये आधी जागा मिळते आणि तो पार्किंगमध्ये उभा असेल तर मुलं क्रिकेट थांबवतात. त्याने 'तीन ब्लॉक निघाले' असं सांगितलं की ऐकणारे डोंबिवलीकर अवाक होतात, कारण त्यांचं उभं आयुष्य एक ब्लॉक घेण्यात गेलेलं असतं. त्याखालोखाल मूतखडा. त्याचं माप मिलिमीटरमध्ये सांगता येतं, त्यामुळे दोन मूतखडेवाले भेटले की चुरस लागते. मग गुडघे. गुडघा बदललेल्या बायकांचा सकाळी बागेत स्वतंत्र कट्टा असतो आणि तिथे मूळच्या गुडघ्यांना प्रवेश नाही. मधुमेह हल्ली फारच सार्वजनिक झाल्यामुळे त्याची पत घसरली आहे, तरी लग्नाच्या पंगतीत 'मला बिनसाखरेचं' म्हणताना थोडा रुबाब अजून उरला आहे.

या उतरंडीच्या तळाशी दात. दातदुखीवाल्याला बघायला कोणी येत नाही. यायचं तर सफरचंदं आणायची, आणि ती त्याला चावता येत नाहीत, हा व्यावहारिक पेच असेलही. पण मुळात कोणाला यावंसंच वाटत नाही. कचेरीत 'छातीत जरा दुखतंय' म्हटलं की साहेब स्वतः खुर्ची सरकवतात. 'दाढ दुखतेय' म्हटलं की विचारतात, "बरं, पण ते स्टेटमेंट हाताने करायचं आहे ना?" सुजलेला पाय बघून कोणी हसत नाही. सुजलेला गाल बघून सख्खी मुलंही तोंड फिरवून हसतात आणि मग मोबाइलवर फोटो काढतात.

अशा या अप्रतिष्ठित प्रांतात मी गणेश चतुर्थीच्या दुपारी, पहिल्या पंगतीत प्रवेश केला. उजवीकडची खालची दाढ मोडली, आणि ती उकडीच्या मोदकावर मोडली. माझ्या वाट्याला येणारी थोडीफार सहानुभूती इथेच संपली. ऊस सोलताना दाढ गेली असती, अक्रोड फोडताना गेली असती, निदान सुपारीने तरी गेली असती, तर सांगायला तोंड राहिलं असतं. मोदक म्हणजे वर तांदळाची उकड आणि आत ओल्या नारळाचं सारण. त्यावर भरपूर तूप. त्याने दाढ मोडते हे ऐकून पंगतीतल्या एका पाहुण्याने निरागसपणे विचारलं, "उकड नीट झाली नव्हती का?" आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

दोष उकडीचा नव्हता. सारणात करवंटीचा बारीक कपचा निघाला. मग चौकशी सुरू झाली : नारळ कोणी खवला? विळीवर बसणारी माणसं तीन होती. हिचं म्हणणं, मधले नारळ वहिनींनी खवले. वहिनींचं म्हणणं, शेवटचा नारळ दादांनी हौसेने ओढून घेतला. दादाचं म्हणणं, आपण फक्त फोडला, आणि फोडणं व खवणं या कायद्याने वेगळ्या क्रिया आहेत. तो महसूल खात्यातून निवृत्त झाला आहे. शेवटी आईने निकाल दिला की दाढच आधीपासून कच्ची असणार. आई आजही राखुंडीने दात घासते. ऐंशी ओलांडूनही तिची जवळजवळ सगळी बत्तीशी शाबूत आहे, त्यामुळे दातांच्या बाबतीत तिच्या निकालावर अपील नाही.

या सगळ्या प्रकाराला साक्षी म्हणून समोर मखरात प्रत्यक्ष एकदंत बसले होते. त्यांचाही दात मोडलेलाच. पण त्यांच्या दाताची कारणं बघा. एका कथेत परशुरामाने परशू फेकला आणि वडिलांनी दिलेल्या शस्त्राचा मान राखायचा म्हणून गणपतीने तो दातावर झेलला. दुसऱ्या कथेत व्यास महाभारत सांगत होते, लेखणी मोडली, आणि लिखाण थांबू नये म्हणून गणपतीने स्वतःचा दात मोडून लेखणी केली. एवढी थोर कारणं असल्यावर दात मोडल्याचं नावही होतं. माझ्यापाशी करवंटी होती.

आरतीला आलेल्या मंडळींनी गणपतीनंतर माझ्या तोंडाचं दर्शन घेतलं. मोबाइलचा टॉर्च मारून प्रत्येकाने आत डोकावून पाहिलं. पनवेलहून आलेल्या आत्यांनी तर चष्मा बदलून पाहिलं. काळं काहीतरी दिसतंय, असं सगळ्यांचं मत पडलं. रात्री लवंगतेलाचा बोळा ठेवला. लवंगेत युजेनॉल असतं आणि ते खरोखरच बधिर करतं, दंतवैद्यही ते वापरतात. त्यामुळे घरगुती उपायांपैकी हा एक उपाय मी मान खाली न घालता करू शकलो. दुखण्याची तऱ्हा मात्र चमत्कारिक होती. चावताना फारसं दुखत नसे, चावून दात उचलले की कळ मस्तकात जाई. दातांना तडा गेल्याचं हे जुनं लक्षण असतं : दाब पडला की चीर उघडते आणि दाब सुटला की मिटते, त्या मिटण्यात सगळं दुःख आहे.

दंतवैद्य म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या पहिल्या मजल्यावरची एक तरुण डॉक्टरीणबाई. माझ्या केसांना नुकताच काळा रंग दिलेला असतानाही तिने पहिल्याच वाक्यात मला 'काका' म्हटलं. खुर्चीवर आडवं केलं, आरसा आत घातला आणि मदतनीस मुलीला सांगितलं, "लिही, फॉर्टी सिक्स, फ्रॅक्चर."

माझ्या माहितीप्रमाणे माणसाला ३२ दात असतात. माझ्या तोंडात ४६ वा कुठून आला? माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिने वाचला. तोंडाचे चार भाग करतात, ती म्हणाली. रुग्णाचा वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग मधल्या रेषेपासून मोजत जायचं. खालच्या उजव्या भागातला सहावा दात म्हणून ४६. म्हणजे हा पिनकोड होता. मला एकदम बरं वाटलं. इतकी वर्षं ती दाढ माझ्या तोंडात बेनामी राहत होती, आणि तिची नोंद बहुतेक देशांतल्या दवाखान्यांत एका ठरलेल्या आकड्याने होते हे कळायला ती मोडावी लागली. ही दाढ कायमच्या दातांमध्ये सर्वांत आधी उगवणाऱ्यांपैकी आहे. साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा कुठलाही दात न पाडता, मागच्या मागे गुपचूप येते. त्यामुळे पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. माझी पहिलीत आली असणार. बाराखडी आणि ती दाढ मी बरोबरच कमावली होती, म्हणायचं.

एक्स-रे झाला. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला ओट्टो वॉल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा पहिला फोटो काढला. त्यासाठी तो २५ मिनिटं न हलता पडून राहिला होता. मला क्षणभरच थांबायचं होतं आणि तेवढ्यात मी हललो. दुसऱ्यांदा काढला. पडद्यावर दाढेची दोन मुळं दिसत होती आणि मुळं जिथे फुटतात तिथपर्यंत उभी चीर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने दाढेचा एक अर्धा हलवला; दुसरा अर्धा जागचा हलला नाही. एका दाढेची दोन बिऱ्हाडं झाली होती.

"वरच्या भागापुरता तडा असता तर कॅप घालून वाचवली असती, काका. ही हिरडीखाली, मुळात गेलीय. काढावी लागेल."

"चिकटवता नाही का येणार? हल्ली हाडंसुद्धा जोडतात."

"हाड जिवंत असतं, ते स्वतःच जुळतं. दात जुळत नाही."

हे मला नवीन होतं. दातावरचं कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. पण एकदा मोडला की त्याला पुन्हा वाढ नाही. हात मोडला तर सहा आठवडे प्लॅस्टर घालून मिरवता येतं, प्लॅस्टरवर मित्रांच्या सह्या घेता येतात. दात मोडला तर कागदात गुंडाळून हातात देतात.

मग पुढे काय, याचे पर्याय तिने मांडले. जागा रिकामी ठेवली तर शेजारची दाढ हळूहळू त्या जागेत कलते आणि वरची दाढ खाली उतरू लागते. मोकळा प्लॉट दिसला की अतिक्रमण होतं, हा नियम तोंडातही लागू आहे तर. दुसरा पर्याय ब्रिज : शेजारच्या दोन धडधाकट दाढा तासायच्या, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि मधे खोटी दाढ लटकवायची. शेजाऱ्यांनी एवढा त्याग करावा असे आमचे आणि आमच्या शेजाऱ्यांचे संबंध नाहीत, पण तोंडातल्या शेजाऱ्यांना कोणी विचारत नाही. तिसरा पर्याय एकाच दाढेची कवळी, जी रात्री काढून वाटीत ठेवायची. ही म्हणाली, "वाटी माझ्या बाजूला ठेवायची नाही." चौथा पर्याय इम्प्लांट : जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, आणि त्यावर नवी दाढ.

आकडा सांगताना डॉक्टरीणबाईंनी आवाज एकदम मऊ केला. कंपनी आणि कॅप कोणती घ्याल त्याप्रमाणे आपल्याकडे इम्प्लांटचे तीस-चाळीस हजार सहज होतात, पुढे वाढवावे तेवढे. आकडा ऐकताच दाढ दुखायची थांबली.

सकाळच्या लोकलमध्ये आमच्या डब्यातल्या मंडळींपुढे विषय ठेवला. कुठल्याही विषयावर कल्याण ते घाटकोपरपर्यंत एकमत होत नाही, या विषयावर डोंबिवलीतच झालं : करू नकोस. कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी. पोस्टातले गृहस्थ म्हणाले, दाढ काढली की डोळ्यांवर परिणाम होतो. मी म्हटलं, खालची आहे. ते म्हणाले, खालच्या बाजूचं दिसेनासं होईल. दातांच्या मुळांचा आणि नजरेचा काही संबंध नाही, हे डॉक्टर कित्येक वर्षं सांगताहेत, पण लोकलमध्ये डॉक्टरला चौथी सीटसुद्धा मिळत नाही. दुसरे म्हणाले, नायरच्या दंत महाविद्यालयात जा, कमी खर्चात होईल. हा सल्ला रास्त होता आणि रास्त असल्यामुळेच त्यावर चर्चा झाली नाही. तिसऱ्यांनी मेडिक्लेम काढायला सांगितला.

विमा कंपनीच्या मुलीशी झालेलं संभाषण मी मुद्दाम थोडक्यात देतो. नेहमीच्या पॉलिसीत दातांचे उपचार बसत नाहीत. अपघाताने इजा होऊन रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर विचार होतो. मी म्हटलं, हा अपघातच आहे. तिने विचारलं, वाहन कोणतं होतं? मी म्हटलं, मोदक. पलीकडे बराच वेळ गाणं वाजत राहिलं.

शेवटी हिनेच निकाल लावला. चाळीस हजारांचा फोन दर तीन वर्षांनी बदलता, आणि तो धड चावताही येत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

दाढ काढणं म्हणजे ओढून काढणं, अशी माझी समजूत होती. आईच्या आठवणींत दाराच्या कडीला दोरा बांधलेला असे. प्रत्यक्षात ओढाओढ जवळजवळ नसते. आधी इंजेक्शन. खालच्या जबड्याची मुख्य नसच मागे जाऊन सुन्न करतात, त्यामुळे अर्धा ओठ आणि अर्धी जीभ रजेवर जाते. ओठ मण-सवामणाचा झाल्याचा भास होतो आणि आरशात बघावं तर तो आहे तेवढाच. "दाब जाणवेल, दुखणार नाही," असं ती म्हणाली आणि ते अक्षरशः खरं निघालं. अडचण आवाजाची होती. दाढेचे दोन भाग करून एकेक मूळ वेगळं सैल करत काढायचं होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने भरदुपारी किचनचा ओटा फोडायला काढावा तसा आवाज माझ्या कवटीत घुमत होता. तक्रार करायला सेक्रेटरीही नाही.

त्यात डॉक्टरीणबाई गप्पिष्ट. "काका, तुमचा गणपती किती दिवसांचा?" मी म्हटलं, "आ आ." "पाच? आमचा दीड." पुढे तिने मला गाव विचारलं, मुलगी काय करते विचारलं, आणि केवळ स्वरांवर भागवलेली माझी सगळी उत्तरं तिला बिनचूक कळली. व्यंजनांवाचून मराठी समजणारी माणसं माझ्या माहितीत फक्त दंतवैद्य. आमच्या घरात मी व्यंजनांसकट बोलतो, तरी दुसऱ्यांदा विचारतात.

दाढ निघाल्यावर खड्ड्यात हाडाची पूड भरली, म्हणजे मधल्या काळात तिथलं हाड खचू नये. ही पूड कशाची असते हे मी विचारलं नसतं, पण आई बाहेर बसली होती आणि तिने विचारलं. बाजारात जनावरांच्या हाडांपासून शुद्ध केलेली असते, माणसाच्या हाडाची असते आणि प्रयोगशाळेत बनवलेली कृत्रिमही असते. डॉक्टरीणबाईंना या प्रश्नाची सवय असावी. "आजी, कृत्रिम वापरलीय," असं तिने सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "चतुर्थीला चालते ना?"

घरी जाताना सूचना मिळाल्या. कापसाचा बोळा दाबून धरा, बाहेरून बर्फ लावा, गरम नको, स्ट्रॉने काही ओढू नका. यातलं सगळं जमलं. एक सूचना जीवघेणी होती : चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच खरी मलमपट्टी. ती खळबळून निघून गेली तर हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी जी कळ येते तिच्यापुढे मूळची दाढदुखी परवडली. शास्त्र समजलं. पण मराठी माणसाला जेवणानंतर चूळ भरू नका म्हणणं म्हणजे काय, याचा दंतवैद्यकाने विचार केलेला नाही. आमच्या घरात पुरुष जेवून उठले आहेत हे शेजारच्या विंगला बेसिनवरच्या खळखळाटाने कळतं. माझे वडील चूळ भरत तेव्हा कुत्री उठून बसत. त्यांचा मुलगा बेसिनपाशी तोंड मिटून उभा राहिला आणि मग जिभेने कोपरे चाचपत परत फिरला. दुसऱ्या दिवशी कोमट मिठाच्या पाण्याला परवानगी मिळाली, तीही 'नुसतं तोंडात धरा आणि सोडून द्या' या अटीवर.

मग वाट पाहणं. खालच्या जबड्याचं हाड भरून यायला साधारण तीन-चार महिने लागतात आणि पैसे जास्त देऊन ते लवकर येत नाही. मध्ये दिवाळी आली. फराळाचं ताट समोर आलं की एरवी मी गोड आणि तिखट अशी विभागणी करत असे. यंदा मऊ आणि कडक अशी केली. करंजी, बेसनाचा लाडू, चिवडा इकडे. चकली, कडबोळी, शंकरपाळे तिकडे. डाव्या बाजूने खाताना लक्षात आलं की फराळाच्या कडकपणाचा आणि नातेवाइकांचा जवळचा संबंध असतो, पण ती नावं मी देत नाही.

त्या मोकळ्या काळात मी इम्प्लांटचा इतिहास वाचला आणि माझा ऊर भरून आला, कारण हा शोध काटकसरीतून लागला आहे. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे एक संशोधक सशांवर प्रयोग करत होते. ते दंतवैद्य नव्हते. हाडातलं रक्त कसं वाहतं, जखम कशी भरते हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी दुर्बीणवजा नळी बसवली. प्रयोग संपला. आता दुसरा एखादा संशोधक असता तर ससा आणि नळी दोन्ही विसरून निबंध लिहायला बसला असता. पण नळी महागाची होती, आणि ब्रोनेमार्कना ती काढून पुढच्या सशाला वापरायची होती. ती निघेना. हाड टायटॅनियमला इतकं घट्ट धरून बसलं होतं की जोडच राहिला नव्हता. जुन्या वस्तू फेकायच्या नाहीत, हा आमच्या माळ्यावरचा सिद्धांत जागतिक वैद्यकात असा फळाला आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. हिला बोलावून वाचून दाखवलं. माळ्यावरच्या मिक्सरमधून आजवर काय निष्पन्न झालं, असं तिने विचारलं.

ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या माणसाच्या जबड्यात हे स्क्रू बसवले. त्या माणसाचं नाव योस्ता लार्सन. जबड्यात जन्मजात व्यंग होतं, दात नव्हते, खाणंबोलणं कठीण होतं. खालच्या जबड्यात चार स्क्रू घातले आणि लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हाही ते स्क्रू काम करत होते. ४० वर्षं! आमच्या सोसायटीची गच्ची दर चार वर्षांनी गळते. तरी स्वीडनमधल्या दातांच्या थोरामोठ्यांनी ब्रोनेमार्कना बराच काळ हसण्यावारी नेलं. हकिकत अशी सांगतात की एका व्याख्यानानंतर एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले आणि म्हणाले, रीडर्स डायजेस्टमध्ये ज्यांच्यावर लेख छापून येतात त्यांच्यावर आपला विश्वास बसत नाही. या प्राध्यापकांची शिफारस दात कोरायच्या काड्यांच्या डबीवर छापलेली असे. ब्रोनेमार्कनी तेवढ्याचीच आठवण करून दिली. १९८२ साली टोरोंटोच्या परिषदेत जगाने मान्यता दिली. माया लोकांनी मात्र या कोणाचीच वाट पाहिली नव्हती. १९३१ मध्ये होंडुरासमध्ये इसवी सन ६०० च्या आसपासचा एक जबडा सापडला, त्यात दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे ठोकलेले होते. मेल्यावर सजावट म्हणून बसवले असतील, असं आधी वाटलं. पुढे एक्स-रे काढले तेव्हा शिंपल्यांभोवती हाड भरलेलं दिसलं. म्हणजे माणूस जिवंत होता. बधिर करायचं इंजेक्शन तेव्हा नव्हतं, हे आठवलं की मी पान उलटतो.

संक्रांतीच्या सुमारास माझा स्क्रू बसला. त्याआधी जबड्याचा थ्री-डी स्कॅन काढतात, कारण हाडाच्या आतून ओठाची नस जाते आणि तिच्यापासून दोनेक मिलिमीटर लांब राहावं लागतं. स्क्रू साडेचार मिलिमीटर जाडीचा आणि दहा लांबीचा. मूतखडेवाल्यांसमोर आता माझ्याकडेही मिलिमीटर आले. भोक पाडताना सतत थंड सलाईन सोडतात. हाड ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापलं तरी मरतं आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. नागपूरकरांचा मे महिना या आकड्याच्या जवळ जातो, पण ते वेगळ्या मातीचे असतात. दाढ काढताना जेवढा त्रास झाला त्याच्या निम्माही झाला नाही. त्या संध्याकाळी सगळे 'तिळगूळ घ्या' म्हणून आले आणि मी गोड बोलण्याचं काम मानेने केलं.

पुन्हा तीन महिने. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात माप घेतलं, झिरकोनियाची कॅप आली, रंग जुळवायला डॉक्टरीणबाईंनी छटांची पट्टी गालाशी धरली. मी सगळ्यात पांढरी मागितली. तिने माझ्या बाकीच्या दातांकडे बघून चहाच्या बाजूची छटा घेतली.

आणि इथून माझे दिवस पालटले. 'दाढ काढली' म्हटल्यावर ज्यांनी पेपर खाली ठेवला नव्हता ते 'इम्प्लांट केला' म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढू लागले. पहिला प्रश्न 'आता कसं वाटतं' हा नसतो. 'केवढ्याला पडला' हा असतो. ही पाहुण्यांशी ओळख करून देताना सांगते, "यांच्या तोंडात चाळीस हजार आहेत." डब्यातल्या मंडळींनी टॉर्च मारून पाहिलं. पोस्टातल्या गृहस्थांनी हात वर करून बोटं दाखवली आणि किती आहेत ते विचारलं.

खरं सांगायचं तर नवी दाढ थोडी माणूसघाणी आहे. मूळच्या दाताभोवती हाडाच्या आत एक नाजूक पडदा असतो, तो खड्याची, केसाची, दाण्याची खबर लगेच देतो. इम्प्लांटला तो पडदा नाही. चकली मोडते, पण मोडल्याची बातमी उशिरा आणि शेजारच्या दाढेकडून कळते. नव्या दाढेला कीड लागत नाही, म्हणून काहीजण निर्धास्त होतात. भोवतालची हिरडी मात्र सुजू शकते, खालचं हाड झिजू शकतं आणि मग सगळं हलायला लागतं. सिगरेट ओढणारे आणि साखर ताब्यात नसलेले यांनी जास्त जपायचं. रोज रात्री बारीक ब्रशने कडा साफ करायच्या. मूळच्या दाढेसाठी मी एवढं कधी उभा राहिलो नव्हतो, असं आई म्हणते. आई राखुंडी वापरते, तिला बोलणं सोपं आहे.

परवा दादाने एक मूलभूत प्रश्न काढला : शेवटी त्या स्क्रूचं काय होतं? मी वाचून ठेवलंच होतं. टायटॅनियम वितळायला १६६८ अंश सेल्सिअस लागतात, चितेची आच तिथपर्यंत जात नाही. "म्हणजे तिसऱ्या दिवशी सावडताना सापडणार," दादा म्हणाला, आणि थोडा विचार करून, "मग पुढच्याला वापरता येईल." ब्रोनेमार्कांना हा माणूस आवडला असता.

आता उपयोगाचं. इम्प्लांट बसवल्यावर दवाखान्यातून एक कार्ड मिळतं. नाही मिळालं तर मागून घ्या. त्यावर कंपनीचं नाव, स्क्रूची जाडी-लांबी आणि बॅच नंबर असतो. कॅपखालचा छोटा स्क्रू पुढेमागे ढिला होऊ शकतो, आणि तो आवळायचा पेचकस बहुतेक कंपन्यांचा वेगवेगळा असतो. गाव बदललं, डॉक्टर बदलला, तरी हे कार्ड असलं की काम दहा मिनिटांचं. नसलं की नव्या डॉक्टरला एक्स-रे बघून कंपनी ओळखावी लागते. आमचं कार्ड फ्लॅटच्या करारनाम्याच्या फायलीत ठेवलं आहे. वीजबिलांच्या पिशवीत ठेवू नका.